वाटणीत न येणारी इस्टेट



दिंडीच्या शताब्दीनिमित्त घरातल्या वडीलधाऱ्याच्या स्मरणावर बोला, असं मंडळींनी मला सांगितलं. तसा एक म्हातारा आपल्या प्रत्येकाच्या घरात होऊन गेला. पण आपल्या सगळ्यांचा मिळून एक घरधनी आहे, तो इथून जवळच, देहूला. आज तुकोबारायांकडे मोऱ्यांच्या घरातला कर्ता माणूस म्हणून बघू.

थोरले बंधू सावजी विरक्त होऊन घराबाहेर पडले आणि घराचं ओझं मधल्यावर आलं. वडील बोल्होबा गेले, आई कनकाई गेल्या. पुढं १६३० च्या सुमाराचा तो भयंकर दुष्काळ. पहिली पत्नी रखुमाबाई गेली, लहानगा संतोबा गेला. गुरंढोरं गेली, दुकानाचं दिवाळं निघालं. एवढं झाल्यावर माणूस उरलंसुरलं कवटाळून बसतो. तुकोबांनी काय केलं? घरात सावकारीची खतं होती, लोकांकडून येणं होतं. ती इंद्रायणीत बुडवायला काढली. धाकटे कान्होबा म्हणाले, माझा वाटा मला द्या. तुकोबांनी निम्मी खतं मोजून भावाच्या हातात दिली आणि आपली निम्मी पाण्यात सोडली.

हे नीट ध्यानात घ्या मंडळी. त्याग केला तो स्वतःच्या वाट्याचा. भावाच्या वाट्याला हात लावला नाही, त्याला उपदेशही केला नाही. म्हणून तर तेच कान्होबा पुढं तुकोबांमागं टाळ घेऊन उभे राहिले. आणि तुकोबा वैकुंठाला गेले तेव्हा भावासाठी सर्वांत जास्त रडले तेही कान्होबाच. त्यांचे ते अभंग गाथेत आहेत. वाटणी होऊनही भाऊ तुटला नाही.

आता जिजाईंचं. कीर्तनात त्यांना कजाग म्हणून हसण्यावारी नेतात. अहो, घरात दाणा नसताना भाकरी भाजून भंडाऱ्याचा डोंगर चढणारी बाई ती! तुकोबा गेले तेव्हा नारायणबाबा पोटात होते. लेकरांना मोठं केलं ते त्या माउलीनं. वडीलधाऱ्याचं स्मरण करताना घर राखणारीला वगळलं, तर ते स्मरण अर्धंच.

ज्या पोरानं बापाचं तोंड पाहिलं नाही, त्या नारायणबाबांनी १६८५ साली तुकोबांच्या आणि ज्ञानोबांच्या पादुका पालखीत ठेवल्या आणि पंढरीची वाट धरली. वारी त्या घरात आधीपासून होती, मूळपुरुष विश्वंभरबाबांपासून. बापाच्या आठवणीला नारायणबाबांनी गावाचा खांदा दिला. खतं इंद्रायणीत गेली, चालणं तेवढं मागं राहिलं.

हे ताथवड्यात का सांगतोय? २००९ साली गाव महापालिकेत गेलं. हायवे, हिंजवडीची आयटी, कॉलेजं, टॉवर. जमिनीला सोन्याचा भाव आला. आपल्या आज्यांनी ज्वारी-बाजरी काढली त्या रानात आज पार्किंग आहे. पैसा आला त्याचं वाईट नाही. पण सातबाऱ्यावर एकत्र असलेले किती भाऊ आज बोलत नाहीत, हे सांगायला मी कशाला पाहिजे? आजोबांच्या पुण्यतिथीचा फ्लेक्स वीस फुटी, आणि जेवणाच्या पंगती मात्र दोन ठिकाणी. बहिणीची सही हवी तेव्हाच बहीण आठवते.

म्हाताऱ्यांनी जमीन ठेवली, ती वाटा. कायद्यानं, मापानं, बहिणीला धरून वाटा. कान्होबांना मिळाली तशी ज्याची त्याला द्या. पण दिंडीतली त्यांची जागा वाटता येत नाही. तिथं थोरला-धाकटा एकाच ओळीत, एकाच टाळावर चालतो.

म्हणून माझी एकच विनंती. यंदाच्या आषाढीला ज्या घरात अबोला आहे, त्या घरातल्या दोघांनी निदान आकुर्डीच्या मुक्कामापर्यंत तरी शेजारी चालावं. बोलू नका हवं तर, नुसतं चाला. आपल्या म्हाताऱ्याला तेवढं स्मरण पुष्कळ झालं.

रामकृष्ण हरी.