घोंगडी आणि गिर्यारोहकाचा दोर

पावसाळ्यांतील एखाद्या शनिवारीं रात्रीं कात्रजच्या जुन्या बोगद्यापाशीं उभें राहिलें, तर पाठीवर पिशव्या घेतलेल्या तरुण मुलामुलींचे घोळके डोंगर चढूं लागलेले दिसतात. कात्रजहून निघावयाचें, रात्रभर एकामागून एक टेकड्या ओलांडावयाच्या आणि उजाडतांना सिंहगड गांठावयाचा, हा परिपाठ पुण्यांत आतां चांगलाच रूढ झाला आहे. या उत्साहाला कोणीं नांवें ठेवूं नयेत. परंतु त्या मंडळींच्या पोशाखाकडे जरा निरखून पाहावें. जाड सुती जीनची विजार, सुती गंजीफ्रॉक आणि वर पातळ प्लॅस्टिकचा अंगरखा, जो पहिल्याच करवंदीच्या जाळींत फाटतो! घरून निघतांना आईनें स्वेटर पुढें केला, तर ‘सह्याद्रींत कसली आली आहे थंडी?’ हें उत्तर ठरलेलें असतें.

हें उत्तर चुकीचें आहे. सिंहगडाची उंची सुमारें १,३०० मीटर आहे, तोरण्याची सुमारें १,४००. तेथें बर्फ पडत नाहीं हें खरें. परंतु थंडीनें माणसाला घेरण्यास बर्फाची जरुरी नसते. भिजलेलें वस्त्र, वारा आणि थकवा हीं तीन एकत्र आलीं, म्हणजे १२-१५ अंश सेल्सिअस उष्णमानांतहि शरीराच्या आंतली ऊब घटूं लागते. ती ३५ अंशांखालीं गेली, कीं धोका सुरू झालाच. प्रथम हुडहुडी भरते. मग बोटें वळेनाशीं होतात, जीभ अडखळते, पाऊल चुकूं लागतें. सर्वांत वाईट गोष्ट ही, कीं बुद्धि मंदावत जाते आणि आपणांस कांहीं झालें आहे हें त्या माणसाला स्वतःला उमगत नाहीं. कड्याच्या कांठावर पाऊल चुकणें म्हणजे काय, हें विस्तारानें सांगावयास नको. अशा वेळीं सोबत्यांनीं त्याला आडोशाला न्यावें, ओले कपडे काढून कोरडे घालावे, गुंडाळून बसवावें, आणि तो शुद्धीवर असेल तर गोड, गरम पेय घोट-घोट द्यावें. दारूनें ऊब येते ही समजूत घातक आहे. तिनें कातडीकडील रक्तवाहिन्या रुंदावतात आणि असलेली ऊबहि बाहेर जाते.

आतां वस्त्राचा विचार. पाणी हें हवेच्या सुमारें पंचवीसपट सुलभतेनें उष्णता वाहून नेतें. सुती कापड पाणी शोषतें, अंगाला चिकटतें, आणि धाग्यांमधील हवेची जागा पाण्यानें भरून टाकतें. मग तें वस्त्र पांघरूण राहत नाहीं, उष्णतेची गळती होते. लोंकरीचा स्वभाव निराळा आहे. आपले केस व नखें ज्या केरॅटिनचीं बनतात, त्याचाच लोंकरीचा तंतु बनलेला असतो. त्याच्या बाहेरच्या खवल्यांवर पाण्याचा थेंब ठरत नाहीं. परंतु आंतील गाभा मात्र वाफ शोषून घेतो, आणि तीहि थोडीथोडकी नव्हे, तर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा. तरी हाताला ओलेपणा फारसा जाणवत नाहीं. ही वाफ शोषली जातांना थोडी उष्णताहि बाहेर पडते. शिवाय तंतु नागमोडी असल्यामुळें भिजल्यावरहि तो अगदीं चपटा होत नाहीं. कांहीं हवा तो धरून ठेवतो. आणि ही धरलेली हवा हेंच माणसाचें खरें पांघरूण आहे.

पॉलिस्टरच्या कपड्यांचे गुणहि प्रामाणिकपणें मान्य केले पाहिजेत. ते हलके असतात, पाणी जवळजवळ शोषीतच नाहींत, आणि चटकन् वाळतात. परंतु दोन दिवसांत त्यांना जी दुर्गंधी सुटते ती सोबत्यांनींच सांगावी; शेकोटीची ठिणगी पडली तर ते वितळून कातडीला चिकटतात; आणि प्रत्येक धुण्यांत त्यांचे अतिसूक्ष्म तंतु सुटतात, ते न कुजतां नदीनाल्यांत साठत राहतात. लोंकर ठिणगीनें जळते ती विझत-विझत, आणि निकामी झाल्यावर मातींत मिसळून जाते. लोंकरीचे दोषहि आहेत. ती जड असते, एकदां पुरी भिजली कीं सावकाश वाळते, आणि पेटींत निष्काळजीपणें ठेवली तर तिला कसर लागते.

ही लोंकर पुण्याच्या माणसाला दूर शोधावयास नको, निदान पूर्वीं तरी नको होती. दिवाळीनंतर माण, खटाव, फलटण, इंदापूर या कोरड्या मुलुखांतून धनगरांचे वाडे पश्चिमेकडे सरकूं लागतात. शेतकरी आपल्या शेतांत मेंढ्या बसवितो. त्याला खत मिळतें, धनगराला धान्य किंवा पैका. ही दख्खनी मेंढी काटक खरी, परंतु लोंकर देण्यांत कृपण. वर्षाकाठीं एका मेंढीची जेमतेम अर्धा-पाऊण किलो लोंकर निघते. ऑस्ट्रेलियांतील मेरिनो मेंढी चार-पांच किलो देते. शिवाय मेरिनोचा तंतु तलम, तर दख्खनीचा जाडाभरडा, काळसर आणि केसाळ. ३० मायक्रॉनहून जाड तंतु कातडीला टोंचतो. दख्खनी लोंकरींत तसे तंतु पुष्कळ असतात. म्हणून तिचा सदरा होत नाहीं, तिची घोंगडी होते.

घोंगडीला पुणेकरांनीं गांवढळ समजूं नये. कोकराच्या पहिल्या कातरणीची ती जावळाची मऊ लोंकर. ती पिंजून बायकांनीं चरख्यावर काढलेलें सूत. त्यास दिलेली चिंचोक्यांची खळ. आणि सनगराच्या खड्डामागावर विणलेली ती घट्ट पट्टी! खळीनें ताठ झालेल्या या विणीवरून पावसाची सर पुष्कळ वेळ निथळून जाते. घोंगडीची खोळ करून डोक्यावर घेतलेला धनगर भर पावसांत मेंढरांमागें दिवसभर उभा राहतो. ज्याला आजच्या दुकानांत बाहेरचें आवरण, मधली ऊब आणि रात्रीचें अंथरूण अशा तीन वस्तु विकत घ्याव्या लागतात, त्याचें काम त्याची एक घोंगडी भागविते. अर्थात् ती कोरडी असतांनाच दोन-तीन किलो भरते. पाठीवर घेऊन वेगानें चढणाऱ्याला ती परवडणार नाहीं. परंतु मुक्कामाच्या गुहेंत किंवा देवळांत, जेथें फरशीचा गारवा खालून चढतो, तेथें तिच्यासारखें अंथरूण नाहीं. चार जणांच्या तुकडीनें एक नेली तरी पुरे.

आणि अशी ही लोंकर आज अनेक ठिकाणीं फेंकून दिली जाते. कातरणीची मजुरी लोंकरीच्या किंमतीहून अधिक पडते. मेंढीच्या आरोग्यासाठीं कातरावें तर लागतेंच. मग कातरलेली लोंकर रानांतच पडून राहते. धनगराचें उत्पन्न आतां मुख्यतः कोंकरांच्या विक्रीवर चालतें. सनगरांच्या मुलांनीं माग सोडला, तर त्यांना दोष कोणत्या तोंडानें द्यावा? घोंगडी महाग म्हणून परत करणारा गिऱ्हाईक तेवढ्याच किंमतीचें परदेशी छापाचें जाकीट निमूटपणें घेतो.

शहरांतील खरेदीचा हा दुसरा मासला पाहा. थंडी सुरू होतांच रस्त्याच्या कडेला रंगीबेरंगी स्वेटरांचे ढीग लागतात. लोक त्यांना ‘लोंकरीचे’ म्हणतात. वस्तुतः त्यांपैकीं बरेचसे ॲक्रिलिकचे, म्हणजे खनिज तेलापासून काढलेल्या धाग्याचे असतात. घरांतल्या घरांत परीक्षा सोपी आहे. शिवणींतला एक धागा काढून चिमट्यांत धरून पेटवावा. लोंकर असेल तर केस जळल्यासारखा वास येतो, ज्योत दूर नेतांच ती बहुधा विझते, आणि उरलेली राख बोटांत चुरडते. ॲक्रिलिक वितळतें आणि मागें कठीण काळी गुठळी राहते.

लोंकर हिमालयाच्या थंडीला पुरेल काय, असा प्रश्न निघतो. जॉर्ज मॅलरी १९२४ सालीं एव्हरेस्टवर गेला तो रेशीम, सूत आणि लोंकर यांचे थर अंगावर घेऊन. १९९९ सालीं त्याचें प्रेत सांपडलें. त्यावरील कपड्यांच्या अवशेषांवरून हुबेहूब नवे कपडे विणविले गेले, आणि २००६ सालीं एव्हरेस्टच्या उतारावर ते घालून पाहण्यांत आले. चालत्या माणसाला ते चांगले ऊबदार आणि हलके वाटले; उघड्यावर रात्र काढावी लागली असती तर मात्र ते अपुरे पडले असते. आजचा गिर्यारोहक म्हणून शिखराच्या टप्प्यावर पिसांचा पोशाख चढवितो. १९९८ सालीं पुण्याचे सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोंचले, २०१२ सालीं ‘गिरिप्रेमी’ या पुण्याच्या संस्थेच्या गिर्यारोहकांनीं तेंच शिखर गांठलें, आणि २०१९ च्या मे महिन्यांत याच संस्थेचे १० जण ८,५८६ मीटर उंचीच्या कांचनजुंगेवर उभे राहिले. त्या उंचीवर पिसांना पर्याय नाहीं. परंतु अंगालगतचा थर तलम लोंकरीचा असावा, हें अनुभवी लोक अजूनहि सांगतात.

वस्त्राच्या बाबतींत जुन्याकडे वळण्यास असा वाव आहे. दोराच्या बाबतींत तो मुळींच नाहीं, आणि हा फरक नीट न ओळखणें प्राणावर बेतूं शकतें. १६७० च्या फेब्रुवारींत तानाजी मालुसरे मावळ्यांसह कोंडाण्याचा कडा दोरावरून चढले. घोरपडीची कथा लोकांना प्रिय असली, तरी दोर हीच खरी वस्तु. तो दोर वनस्पतींच्या तंतूंचा. असा दोर भार पेलतो, पण धक्का सोसत नाहीं. कारण तो ताणला जात नाहीं. १८६५ सालीं १४ जुलै रोजीं आल्प्समधील मॅटरहॉर्नवरून उतरतांना सात जणांपैकीं एकाचा पाय घसरला, दोर मध्येंच तुटला, आणि चौघे दरींत गेले. जवळ अधिक मजबूत दोर असतांना त्या ठिकाणीं जुनापुराणा, बारीक दोर बांधला होता, हें मागाहून उघडकीस आलें. त्या दोराचा तुकडा झरमॅटच्या संग्रहालयांत आजहि आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर नायलॉनचा दोर आला; १९५३ सालीं जर्मनींत आंत गाभा आणि वर विणलेलें आवरण अशी त्याची आजची रचना झाली. आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण महासंघाच्या कसोटींत एकेरी दोरावर ८० किलोचें वजन निदान पांच वेळां जोरानें सोडतात. दोर तुटतां कामा नये, आणि पहिल्या धक्क्याचा जोर १२ किलोन्यूटनांवर, म्हणजे ढोबळ मानानें बाराशे किलोंच्या भारावर जातां कामा नये. हें काम ताण खाणारा दोरच करतो. कडा उतरण्यासाठीं जो कमी ताणाचा दोर वापरतात, तो बांधून आघाडीची चढाई करणें म्हणजे मॅटरहॉर्नची पुनरावृत्ति. दिसावयास दोन्ही सारखेच. म्हणून वेष्टनावरील मजकूर वाचल्यावांचून दोर घेऊं नये, आणि कोणीं वापरलेला दोर स्वस्तांत मिळतो म्हणून तर नयेच.

सह्याद्रीच्या कड्यांचा बेसाल्ट खडबडीत असतो. त्याची धार आणि धूळ दोराला आंतून खाते. उन्हानें नायलॉन कुजतो, मोटारीच्या बॅटरीच्या आम्लाच्या वाफेनेंहि तो नासतो, आणि ती नासाडी डोळ्यांना दिसत नाहीं. एक दोर ताणलेल्या दुसऱ्या दोरावर घासला, तर घर्षणानें तो वितळून तुटतो. शिरस्त्राणाचा आळस तर अक्षम्य आहे. पावसाळ्यांत सैल झालेले दगड वरच्या माणसाच्या पायानेंच काय, माकडाच्या उडीनेंहि सुटतात. आणि कड्यावर आग्या मोहोळ असेल, तर सर्वांत उत्तम साधन म्हणजे मुकाट्यानें मागें फिरणें!

२०२१ सालीं राज्य शासनानें साहसी पर्यटनाचें धोरण जाहीर करून अशा सहली नेणाऱ्यांना नोंदणी आवश्यक केली. मुलगा किंवा मुलगी कोणाबरोबर जाते हें विचारणाऱ्या पालकांनीं, दोर किती वर्षांचा आहे, हेंहि विचारण्यास हरकत नाहीं. सांगणारा गडबडला, तर उत्तर मिळालें असें समजावें.

दोर कोमट पाण्यांत सौम्य साबणानें धुवावा, सावलींत वाळवावा, आणि प्रत्येक वापराची नोंद वहींत ठेवावी. एवढ्यानें तो पुष्कळ टिकतो, आणि नव्याची खरेदी लांबते. परंतु मुळींच न वापरलेला दोरहि दहा वर्षांपलीकडे ठेवूं नये. मोठी पडझड सोसलेला किंवा हाताला मध्येंच मऊ लागणारा दोर त्याच दिवशीं बाद करावा, आणि बाद केलेला दोर तसाच कोनाड्यांत टाकूं नये; कोणीतरी तो उचलून पुन्हां कड्यावर नेतो. त्याचे हात-दोन हातांचे तुकडे करावे. मेंढरूं बांधावयास ते धनगराला चालतात.