जपान : सत्तेच्या पंगतीत

1854 साली अमेरिकेच्या पेरी या आरमारी अधिकाऱ्याने युद्धनौकांचा धाक दाखवून ज्याला बंदरे खुली करावयास लावली, त्याच जपानने 1895 मध्ये चीनला नमवून शिमोनोसेकीच्या तहान्वये तैवान आपल्या अंमलाखाली आणावे, ही घटना पौर्वात्य राजकारणाचा तोल फिरविणारी होती. तहात मिळालेला चीनमधील लिआओतुंगचा मुलूख मात्र रशिया, फ्रान्स व जर्मनी यांच्या दडपणामुळे परत करावा लागला, आणि ही मानखंडना जपानी मुत्सद्दी विसरले नाहीत. 1902 मध्ये जपानचा इंग्लंडशी करार झाला. पुढे रशियाशी युद्ध जुंपले, आणि 1905 मध्ये त्सुशिमाच्या सामुद्रधुनीत जपानकडून रशियन आरमाराची धूळधाण उडाली, तेव्हा हिंदुस्थानातही हर्षाची लाट उसळली. त्या हर्षात कोरियाची आठवण, खरे सांगावयाचे तर, फारशी कोणाला झाली नाही. 1910 मध्ये जपानने तो देश खालसा केला. पुढे 1919 च्या पॅरिस शांतता परिषदेत, राष्ट्रसंघाच्या सनदेत वांशिक समतेचे तत्त्व असावे अशी मागणी याच जपानने केली, आणि बहुमत अनुकूल असताही अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांनी एकमताच्या अभावी ती अमान्य ठरविली; कोरियातील स्वातंत्र्याची निदर्शने त्याच सुमारास जपानी फौज चिरडीत होती.