वारीची वाट आणि सांध्यांचं दुखणं
(शताब्दी सोहळ्यातील आरोग्यविषयक व्याख्यान)





आपल्या दिंडीची शंभर वर्षं भरली. चालकांनी आम्हाला सांगितलं, "या वेळी पायांवर बोला." बरोबरच आहे. मुक्कामाला तंबू लागले की आमच्यापुढे येणाऱ्यांचं गाऱ्हाणं बहुधा एकच असतं, "वैद्यबुवा, गुडघं धरल्यात. वाखरीच्या रिंगणापर्यंत तरी न्या."

आता हे गुडघे वारीतच का धरतात? आयुर्वेद सांगतो, उन्हाळ्यात शरीरात वात साठतो आणि पावसाळा लागला की तो उसळतो. आपली पालखी आळंदीहून निघते ज्येष्ठ वद्यात, म्हणजे नेमकी या सांध्यावर. त्यात सुमारे अडीचशे किलोमीटर चाल, दिवेघाटाची चढण, भिजलेले कपडे, ओल्या जमिनीवरची झोप, अवेळी जेवण आणि जागरण. वात वाढवणारी सगळी कारणं एका वाटेवर गोळा होतात.

मग आपण काय करतो? दुखलं की तेलाची बाटली काढतो. माणूस सेवाभावानं दुसऱ्याचे पाय रगडत बसतो. सेवा चांगलीच, पण माउली, प्रत्येक दुखण्याला तेल चालत नाही. आज एवढं एक जरी घरी नेलंत तरी आमचं बोलणं कारणी लागलं. तेल लावण्याआधी दुखणं ओळखा. ढोबळमानानं तीन प्रकार ध्यानात ठेवा.

पहिला संधिगत वात. उतारवयातला गुडघा. उठताना कट्‌कट् वाजतो, चढताना दुखतो, कीर्तनात मांडी घालून बसलं की उठवत नाही, पण विसावा घेतला की बरं वाटतं. इथं तेल आणि ऊब हेच औषध. तिळाचं तेल कोमट करून हलक्या हातानं दहा मिनिटं जिरवावं. रगडायचं नाही, अंगठ्यानं दाबायचं नाही. मग शेक. ओढ्याकाठी निरगुडी असतेच. तिचा पाला पाण्यात उकळावा, त्यात फडकं बुडवून पिळावं आणि सोसेल तेवढाच शेक द्यावा. वाग्भटाचार्यांनी अष्टांगहृदयात रोज अभ्यंग सांगितला आहे, त्यातही डोकं, कान आणि पाय यांना विशेष. पण त्याच ठिकाणी अजीर्ण असताना अभ्यंग नको, असंही त्यांनी बजावलंय.

ते बजावणं कळतं दुसऱ्या प्रकारात. हा आमवात. माधवनिदानात यावर वेगळा अध्याय आहे. सकाळी बोटं, मनगटं आखडलेली, तासतास मोकळी होत नाहीत. सांध्यांना सूज, अंगात कसकस, भूक नाही, तोंडाला चव नाही. जठराग्नी मंद झाला की अन्न नीट पचत नाही. त्या अर्धवट पचलेल्या रसाला आम म्हणतात. तो सांध्यात जाऊन बसतो, अशी शास्त्राची मांडणी आहे. अशा सुजेवर तेल चोळलं तर ठणका वाढतो. इथं कोरडा शेक लागतो. वाळू तव्यावर गरम करून फडक्यात पुरचुंडी बांधा, आधी स्वतःच्या हातावर लावून बघा, मग सांध्यावर ठेवा. प्यायला सुंठ घालून उकळलेलं पाणी, जेवायला मुगाचं कढण. रात्रीचं दही बंद.

आधी पोटोबा मग विठोबा, असं लोक थट्टेनं म्हणतात. आमवातात मात्र ते खरं आहे. आधी पोट हलकं करायचं. एकादशी त्यासाठी किती सोयीची! पण आपण साबुदाणा, शेंगदाणे, बटाटा खाऊन 'एकादशी, दुप्पट खाशी' करून टाकतो. आमवातात एरंडेलाचं महत्त्व मोठं, पण ते वैद्याला विचारून आणि घरी असताना. चालत्या वारीत एरंडेल घेतलं तर जुलाबानं माणूस वाटेतच बसेल.

आणि हे स्पष्ट सांगतो, दोन्ही हातांची बोटं महिनाभर सुजत असतील तर नुसत्या सुंठीवर राहू नका. डॉक्टरांकडून रक्त तपासून घ्या. औषध वेळेत सुरू झालं तर बोटं वाकडी होणं बऱ्याच अंशी टळतं.

तिसरा वातरक्त. मध्यरात्री पायाचा अंगठा लालभडक होतो, आग होते, वर चादरसुद्धा सोसत नाही. इथं शेक नको आणि चोळणंही नको. पाय उंच ठेवून विसावा, भरपूर पाणी आणि युरिक ॲसिडची तपासणी.

आता एक कटू गोष्ट. झिजलेली गादी कोणत्याही तेलानं, काढ्यानं परत भरत नाही. पण मांडीचे स्नायू बळकट असले तर गुडघ्यावरचा भार हलका होतो. म्हणून वारीची तयारी अक्षय्य तृतीयेपासून करा. रोज थोडं चाला, दर आठवड्याला थोडं वाढवा. खुर्चीवर बसून एक पाय समोर सरळ करा, मांडी आवळा, पाच वेळा नाम घ्या आणि पाय खाली ठेवा. असं प्रत्येक पायानं दहादा, दोन वेळा. वजन जास्त असेल तर उतरवा. काठी दुखऱ्या बाजूला नाही, विरुद्ध हातात धरा. आणि वारीला कोऱ्या चपला घालून निघू नका.

काही धोकेही सांगतो. साखरेचा आजार असलेल्यांच्या पायांना कधीकधी चटका कळत नाही. त्यांना वाळूचा किंवा गरम पाण्याचा शेक देऊ नका, कातडी भाजते आणि जखम चिघळते. रस्त्याकडेला बिनलेबलाची पुडी विकतात, घेतली की तासाभरात दुखणं गायब. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडलं आहे. त्यानं चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. झाडपाला इतक्या झटपट काम करत नाही. दुखणं थांबवण्याच्या गोळ्याही उपाशीपोटी, उन्हात, पाणी न पिता गिळू नका, मूत्रपिंडाला इजा होते. आणि सांधा गरम होऊन ताप आला, एकच पोटरी अचानक सुजली किंवा पडल्यावर पाय टेकवेना, तर तेल, लेप सगळं बाजूला ठेवा आणि जवळच्या दवाखान्यात जा.

शेवटचं मागणं चालकांकडे. म्हातारी माणसं दुखणं लपवतात. "पायी वारी चुकली तर नेम मोडला," या धास्तीनं एकेक मजल रेटतात आणि पुढच्या वर्षी त्यांना उंबराही ओलांडवत नाही. त्यांना एखादी मजल दिंडीच्या ट्रकमध्ये बसवा आणि ते कमीपणाचं नाही, हे तुमच्या तोंडून सांगा. वैद्याचं ते ऐकत नाहीत, तुमचं ऐकतात. आणि रात्री कोणाचे पाय चेपायला घ्याल, तेव्हा तेल ओतण्याआधी विचारा, "माउली, सूज आहे का? भूक लागते का? पायाला चटका कळतो का?"

राम कृष्ण हरी!