सांगणारे पुष्कळ, ऐकून घेणारा कोण?
(बुलढाणा जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



कापसाच्या भावावर माझ्यानंतरचे वक्ते बोलणार आहेत. मी आज बातमीवर बोलणार आहे. शेतीचे ज्ञान आपल्या गावापर्यंत कोण आणतो, कसे आणतो, आणि आपले म्हणणे परत घेऊन कोण जातो, हा माझा विषय. कुणाला वाटेल, पोटापाण्याचे सोडून हे काय काढले? म्हणून आधी एका थैलीची गोष्ट सांगतो.

2002 साली बीटी कपाशीला सरकारने परवानगी दिली. बियाण्याच्या 450 ग्रॅमच्या थैलीबरोबर 120 ग्रॅमची दुसरी लहान थैली मिळायची. तिच्यात साधी, बिगर-बीटी सरकी. ती वावराच्या कडेने लावायची, असे कागदावर लिहिलेले असायचे. इथे बसलेल्यांपैकी किती जणांनी ती लावली? हात वर करू नका, मला उत्तर माहीत आहे. मीही लावली नाही. एक वर्ष बांधावर टाकून दिली, एक वर्ष खाडे भरायला वापरली. दुकानदाराला विचारले तेव्हा तो म्हणाला, "कंपनी देते म्हणून देतो. नाही लावली तरी चालते."

ती थैली कशासाठी होती? बीटीच्या विषाला एखादी अळी सरावली आणि जगली, तर तिच्या पतंगाला जोडा साध्या पऱ्हाटीवर वाढलेल्या, न सरावलेल्या पतंगाचा मिळावा आणि त्यांची पिल्ले बीटीने मरावीत, यासाठी. चार वाक्यांची गोष्ट आहे. बैलाचे आणि गाईचे वाण राखणाऱ्या माणसाला ती समजायला पाच मिनिटेही लागत नाहीत. पण ती पाच मिनिटे आपल्या पारावर येऊन कुणी बसले नाही.

पुढे काय झाले ते तुम्ही भोगले आहे. 2010 साली गुजरातेत गुलाबी बोंडअळी पहिल्या बीटीला दाद देत नाही, हे कंपनीने स्वतः जाहीर केले. 2014-15 च्या सुमारास दोन जनुकांच्या बियाण्यावरही ती तिकडे जिवंत सापडू लागली. आणि 2017 साली विदर्भात बोंडे फोडून पाहिली तर आत अळी आणि किडकी सरकी. 2010 ते 2017, सात वर्षे. बातमी गुजरातेत होती, नागपूरच्या कापूस संशोधन संस्थेत होती, इंग्रजी पेपरात होती. आपल्या शिवारात मात्र आधी अळी आली आणि मग बातमी आली.

त्याच 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीची विषबाधा होऊन 20 हून जास्त शेतकरी आणि शेतमजूर दगावले. पऱ्हाटी डोक्यापेक्षा उंच वाढलेली, हवेत दमटपणा, औषधात औषध मिसळलेले, तोंडावर फडके नाही. डब्यावर सूचना होत्या ना? होत्या. मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात. लाल त्रिकोण म्हणजे सगळ्यात जहाल विष, हे डबा विकणाऱ्याने सांगितले नाही आणि पंप पाठीवर घेणाऱ्या मजुराने विचारले नाही. पहिला माणूस दवाखान्यात गेला तेव्हा ती खबर दुसऱ्या गावाला त्याच संध्याकाळी पोचली असती, तर काही पंप दुसऱ्या दिवशी घरातच राहिले असते.

आता कुणी म्हणेल की शेतकरी अडाणी आहे, त्याला शिकवले पाहिजे. हे वाक्य आपण दीडशे वर्षे ऐकत आलो. 1877 साली कृष्णराव भालेकरांनी 'दीनबंधु' काढला तेव्हाही शेतकऱ्याचे म्हणणे छापायला जागा नव्हती, म्हणूनच तो काढावा लागला. मुकुंदराव पाटलांनी 1910 पासून 'दीनमित्र' चालवला तो नगर जिल्ह्यातल्या खेड्यातून, शहरातून नव्हे. सांगणाऱ्यांची वाण आपल्याला कधीच नव्हती. सरकार सांगते, कंपनी सांगते, दुकानदार सांगतो, आता तर खिशातला मोबाइल दिवसभर सांगतो. ऐकून घेणारा मात्र कुणी नाही.

ऐकून घेतले तर काय होते, याचा पुरावा आपल्याच महाराष्ट्रात आहे.

1956 साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने एक प्रयोग केला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतली 150 गावे निवडली. प्रत्येक गावात पंधरा-वीस माणसांचे श्रोता मंडळ. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे एकूण 20 कार्यक्रम. शेती, आरोग्य, शिक्षण, गावचा कारभार असे विषय. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करायचा आणि मंडळाने त्यावर बोलायचे. आमच्या जमिनीत हे चालेल का? खर्च किती? पाणी कुठून आणायचे? मंडळाचा चिटणीस हे सगळे लिहून पुण्याला पाठवायचा, आणि पुढच्या कार्यक्रमात त्या प्रश्नांना उत्तरे मिळायची.

या प्रयोगाची तपासणी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे पॉल न्यूरॅथ या अभ्यासकाने केली. त्यांनी तीन तऱ्हेची गावे तोलून पाहिली. काही गावांत रेडिओही होता आणि मंडळही, काही गावांत नुसता रेडिओ, काही गावांत काहीच नाही. जिथे मंडळ होते तिथे लोकांची माहिती भरपूर वाढली. जिथे नुसता रेडिओ वाजत होता तिथे फारसा फरक पडला नाही. मंडळांच्या गावांत लोकांनी पुढे विहिरी खोदल्या, बालवाड्या काढल्या. यंत्र दोन्हीकडे तेच होते. फरक पाडला तो बसून बोलण्याने आणि उलट पत्र पाठवण्याने.

बुलढाणा त्या पाच जिल्ह्यांत नव्हता. असणार कसा? प्रयोग झाला तेव्हा आपला जिल्हा मध्य प्रदेशात होता. पुढे 1959 पासून ही मंडळे देशभर पसरवायचे ठरले. मंडळांचे आकडे वाढले, पण रेडिओचे संच बिघडले की दुरुस्ती होईना, आणि प्रश्नाला उत्तर यायचे बंद झाले. ज्या पत्राला उत्तर येत नाही ते पत्र माणूस किती दिवस लिहील? आपल्याकडची सरकारी योजना अशीच मरते. ती बंद होत नाही, फक्त तिच्यातला जीव जातो.

आपण ही गोष्ट विसरलो, पण ती आफ्रिकेत गेली. पुण्याचा अनुभव पाहून 1964-65 मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या घाना देशात अशीच श्रोता मंडळे उभी केली गेली.

आफ्रिकेचे नाव काढले की आपल्याला जंगल आणि दुष्काळ आठवतो. पण कापसाच्या बाबतीत ते आपले सख्खे भाऊ आहेत. माली, बुर्किना फासो, बेनिन, चाड या चार देशांत आपल्यासारखाच कोरडवाहू कापूस होतो. 2003 साली जागतिक व्यापार संघटनेत हे चार देश उभे राहिले आणि म्हणाले, अमेरिका आपल्या कापूसवाल्यांना अनुदान देते म्हणून जगात भाव पडतो आणि आमचा शेतकरी मरतो. खामगावच्या बाजारात तुमच्या कापसाला जो भाव मिळतो, त्यात त्या भांडणाचाही हिस्सा आहे. ज्वारीचे तर मूळच आफ्रिकेतले. तिच्यावरचा टारफुलाही दोन्हीकडे आहे. तिकडे जांभळ्या फुलाचा जास्त, आपल्याकडे पांढऱ्या फुलाचा.

याच टारफुल्यावर 2011 मध्ये काही चित्रफिती तयार झाल्या. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेचा त्यात हात होता. त्यात माली, नायजर, नायजेरिया, घाना इथले बायाबापे शेतात उभे राहून बोलतात. टारफुल्याची बी धुळीसारखी बारीक असते, एका झाडाला हजारो लागते आणि वर्षानुवर्षे मातीत जिवंत राहते. म्हणून फूल यायच्या आत उपटा, आणि सगळ्या शेजाऱ्यांनी मिळून उपटा. ज्वारीत चवळी घ्या. चवळीची मुळे टारफुल्याच्या बीला उगवायला लावतात पण पोसत नाहीत, मग तो उपाशी मरतो. शेणखत घाला. नायजरच्या शेतकऱ्याचे ऐकून मालीचा शेतकरी करून पाहतो, कारण सांगणाऱ्याच्या पायाला त्याला तीच माती दिसते.

आता याच्या उलट गोष्ट ऐका. 1975 साली झांबियात रेडिओवाल्यांचे एक शिबिर होते. कॅनडाच्या रेडिओवर वर्षानुवर्षे शेतीचे कार्यक्रम करणारे जॉर्ज ॲटकिन्स तिथे शिकवायला गेले होते. त्यांनी एका आफ्रिकी निवेदकाला विचारले, तुझ्या कार्यक्रमात काय असते? तो म्हणाला, ट्रॅक्टरच्या स्पार्क प्लगची निगा कशी राखावी ते सांगतो. तुझ्या ऐकणाऱ्यांत ट्रॅक्टर किती जणांकडे आहेत? जवळपास कुणाकडेच नाहीत. मग हे का सांगतोस? दुसरी माहिती माझ्यापर्यंत येतच नाही, म्हणून. ॲटकिन्स यांनी 1979 पासून गरीब देशांतल्या साध्या शेतकऱ्यांच्या जमलेल्या युक्त्या गोळा करून देशोदेशीच्या रेडिओवाल्यांना पाठवायला सुरुवात केली. ते काम आजही चालू आहे.

आपल्याकडे स्पार्क प्लगची गोष्ट नाही का? कोरडवाहूवाल्याला ठिबकाचे भाषण, आणि ज्याच्याकडे विहीर नाही त्याला फळबागेचे प्रशिक्षण. ही तीच गोष्ट आहे.

आणखी एक मुद्दा. मालीत 1991 साली हुकूमशाही गेली आणि त्यानंतर गावोगावी रेडिओ केंद्रे निघाली. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 1995 सालीच सांगितले की हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, सरकारची नव्हे. तरी गावाच्या संस्थेला रेडिओ काढायची परवानगी मिळायला 2006 साल उजाडले. साताऱ्यात म्हसवडला 2008 पासून असे केंद्र चालते. पण अशा केंद्राला स्वतःच्या बातम्या द्यायची मोकळीक अजून नाही. आकाशवाणीच्या बातम्या तेवढ्या लावायच्या. शेतमालाला बंधने आणि शेतकऱ्याच्या जिभेलाही बंधने. दोन्ही एकाच झाडाची फळे आहेत.

पण सरकार सुधारेल तेव्हा सुधारेल. आपण काय करायचे?

आज प्रत्येक गावात मोबाइल आहे. पुण्याच्या मंडळाला एक रेडिओ होता, आपल्याला शंभर आहेत. फक्त मंडळ नाही. एकेकटा माणूस खाटेवर पडून अंगठ्याने बघतो, खरे मानतो आणि पुढे ढकलतो. 'अमुक फवारा, बोंडअळी साफ' असे कुणीतरी पाठवतो. सकाळी तीन गावांत ते औषध संपलेले असते. म्हणून मी चार गोष्टी मागतो.

एक. प्रत्येक गावात पंधरा जणांची बैठक, आठवड्यातून एकदा, ठरल्या वारी. त्यात मजूर असला पाहिजे आणि बायाही असल्या पाहिजेत. वेचणी त्या करतात, बोंडातली अळी पहिल्यांदा त्यांना दिसते, आणि पंप मजुराच्या पाठीवर असतो.

दोन. आलेल्या प्रत्येक माहितीला तीन प्रश्न विचारा. सांगणारा कोण? त्याने कुणाच्या वावरात करून पाहिले? माल कुणाचा खपणार? तिन्हींची उत्तरे मिळेपर्यंत ती माहिती पुढे ढकलू नका.

तीन. कुणा एकाच्या चार ओळींत करून पाहा आणि आकडे लिहून ठेवा. पेरा कधी, खर्च किती, बोंडे किती, भाव काय. फसले तर तेही लिहा. फसलेला प्रयोग लपवला की शेजारी तोच पुन्हा करतो.

चार. बैठकीत सुटला नाही तो प्रश्न लिहून पाठवा. किसान कॉल सेंटरला विचारा, अकोल्याच्या विद्यापीठाला विचारा, कृषी विज्ञान केंद्राला विचारा. उत्तर आले तर ते सगळ्यांना वाचून दाखवा. नाही आले तर कुणाला, कोणत्या तारखेला विचारले होते ते या पत्रकात छापायला पाठवा. उत्तर न देणाऱ्याची तारीखही छापून आली पाहिजे.

नुसत्या माहितीने कर्ज फिटते, असे मी म्हणत नाही. भाव पडलेला असला तर चांगले पीकही बुडवते, हे आपण सगळे जाणतो. पण ज्याला आपल्या वावरातला आकडा माहीत नाही, तो भावाची मागणी कशाच्या जोरावर करणार?

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने एक कागद आणावा. त्यावर एकच प्रश्न, तुमच्या बैठकीत न सुटलेला. बुलढाण्याच्या तेरा तालुक्यांतून असे कागद आले, तर पुढच्या वेळी भाषण कमी करू आणि ते कागद वाचू. त्या दिवशी बोलायची पाळी तुमची, ऐकायची आमची.

एवढे बोलून थांबतो.