पत आणि सावकार



डिचोलीच्या या साहित्य मेळाव्याची निमंत्रणपत्रिका माझ्या घरी आली तेव्हा तिच्यावर एक ठिगळ होते. प्रमुख पाहुणे असलेल्या मंत्र्यांच्या नावाखाली पांढऱ्या कागदाचा तुकडा डकवून त्यावर त्यांचे नवे खाते छापले होते. मी पेडण्याचा, झाकलेले उघडून बघायची आम्हाला खोड. नखाने तो तुकडा उचलला, तर खाली जुने खाते. आयोजक बिचारे काय करणार? पत्रिका छापखान्यात गेली तेव्हा साहेब एका खात्याचे होते, शाई वाळेपर्यंत दुसऱ्याचे झाले. साहेब सकाळी आले, दीप लावला, शाल घेतली आणि पुढच्या कार्यक्रमाला गेले. त्यांच्यावर माझा राग नाही. पण ते ठिगळ मी चष्म्याच्या घरात जपून ठेवले आहे, आणि आज बोलणार आहे ते त्याच्याविषयीच.

साहित्याच्या व्यासपीठावर हे कसले अर्थकारण, असे पहिल्या रांगेतल्या दोन-तीन चेहऱ्यांवर मला दिसते आहे. अहो, शब्दाचाच विषय आहे. मराठीत 'पत' हा शब्द पतसंस्थेतही चालतो आणि चारचौघांतही चालतो. ज्याच्या बोलण्यावर गाव विश्वास ठेवतो त्याला उधार मिळते, एवढे साधे गणित आपल्या आज्यांना पाठ होते. राज्याचे वेगळे काय असते?

आता आपल्या राज्याची पत बघू. मार्च १९९० ते ऑक्टोबर २००० या साडेदहा वर्षांत गोव्यात मुख्यमंत्रिपदाची शपथ डझनभर वेळा झाली. एक मुख्यमंत्री १८ दिवस टिकले. मध्ये दोनदा राष्ट्रपती राजवट येऊन गेली. ते जुने झाले म्हणता? मग अलीकडचे घ्या. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदारांनी एका रात्रीत घर बदलले. म्हणून २०२२ च्या निवडणुकीआधी त्या पक्षाने उमेदवारांना पणजीच्या महालक्ष्मीसमोर, बांबोळीच्या खुरसासमोर आणि बेतीच्या दर्ग्यात नेऊन शपथ घ्यायला लावली. त्याच वर्षी सप्टेंबरात निवडून आलेल्या ११ पैकी ८ गेले. त्यातल्या एका ज्येष्ठाने तर आपण देवाला विचारूनच गेलो असे जाहीर सांगितले. आपल्याकडे देवाला पाकळी लावून कौल घ्यायची रीत आहे. उजवी पडली तर काम करायचे, डावी पडली तर थांबायचे. गेली चाळीस वर्षे सत्ताधारी बाकाच्या बाजूची पाकळी नेमकी कशी पडते, यावर एखाद्या अभ्यासकाने प्रबंध लिहावा. पुढच्या वर्षीच्या मेळाव्यात मी त्याचा सत्कार करीन.

इथे कुणीतरी शहाणा उठून म्हणेल की अध्यक्षमहाराज, एवढी पळापळ होऊनही गोवा गरीब कुठे झाला? दरडोई उत्पन्नात आपण देशात पहिल्या काही राज्यांत आहोत. आणि २०१२ पासून एकाच पक्षाचे सरकार आहे, मग अस्थिरता कसली?

प्रश्न रास्त आहे, आणि त्याला बगल देऊन भाषण ठोकणाऱ्यांपैकी मी नाही. डोंगरातल्या खनिजाला मुख्यमंत्री कोण याचे सोयरसुतक नसते. समुद्राची वाळू विधानसभेचे कामकाज बघत नाही. चीनला लोखंड हवे होते तोवर आपला डोंगर विकला गेला. युरोपातल्या थंडीने कातावलेल्या माणसाला ऊन हवे होते तोवर आपले ऊन विकले गेले. म्हणून पैसा आला. पण पत गेलेल्या घरात पैसा येतच नाही, असे कुठे असते? येतो की. सावकाराचा येतो. बँक दारात उभी करत नाही त्याला सावकार ओसरीवर बसवून चहा पाजतो. माझे म्हणणे एवढेच आहे की गोव्यात आलेला मोठा पैसा हा सावकारी पैसा आहे. आज घाल, उद्या दामदुपटीने काढ आणि परवा सरकार फिरायच्या आत निघून जा, या हिशेबाचा. दहा वर्षे टिकून काम करणारा माणूस इथे येऊन विचारतो, 'तुमचा आजचा नियम उद्या राहील का?' आणि आपण एकमेकांच्या तोंडाकडे बघतो.

डिचोलीत हे सांगायला पुराव्याची गरज नाही. आज मेळाव्याला येताना वाटेत एका घराच्या अंगणात टिपर ट्रक उभा बघितला. उभा म्हणजे चार चिऱ्यांवर. टायर गेलेले, बॅटरी गेलेली, बॉनेटच्या फटीतून वेल वर चढून आरशाला धरलेला. मागच्या फळीवर देवीचे नाव मात्र अजून लाल रंगात वाचता येते. २०१०-११ मध्ये गोव्याच्या बंदरांतून पाच कोटी टनांहून अधिक खनिज बाहेर गेले. त्या भरात ज्याच्या त्याच्या दारात ट्रक आला आणि मांडवीत बार्जांची रांग लागली. मग बेकायदा खाणकामावर शहा आयोगाचा अहवाल आला. १० सप्टेंबर २०१२ ला राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने थांबवल्या. एप्रिल २०१४ च्या निकालाने सांगितले की खाणींची लीजे २००७ मध्येच संपली होती. म्हणजे पाच वर्षे आपण संपलेल्या कागदावर डोंगर खणत होतो आणि कुठल्याही पक्षाच्या कुठल्याही मंत्र्याला ते सांगावेसे वाटले नव्हते.

पुढचे तर अधिक वाईट. केंद्राचा लिलावाचा वटहुकूम जानेवारी २०१५ मध्ये निघाला. त्याच्या तोंडावर, धावत सुटल्यासारखी, ८८ लीजांची नूतनीकरणे जुन्याच धन्यांना दिली गेली. सरकार स्थिर होते बरे का. ७ फेब्रुवारी २०१८ ला न्यायालयाने ती सगळी रद्द केली आणि मार्चच्या मध्याला दुसऱ्यांदा सगळे ठप्प झाले. लिलाव अखेर २०२२ च्या डिसेंबरात झाले आणि डिचोलीचा खाणपट्टा २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाला. जे २०१५ मध्ये सरळ करता आले असते ते करायला सात वर्षे जास्त लागली. त्या सात वर्षांत वेल आरशापर्यंत पोचला. आणि शिरगावच्या शेतात उतरलेला गाळ, आटलेल्या विहिरी? त्यांचा हिशेब ना खाण चालू असताना कुणी केला, ना बंद असताना. 'खाणी हव्यात' आणि 'खाणी नकोत' या दोन घोषणांमध्ये डिचोलीला चिरडले. तिसरी घोषणा कुणी दिलीच नाही, की कायद्याप्रमाणे, किती आणि किती वर्षे ते आधी लिहून द्या.

सेझचे, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रांचेही तेच. २००६ च्या सुमारास लाखो चौरस मीटर जमीन उद्योगांना वाटली, लोक रस्त्यावर आले, वर्ष २००८ उजाडताना धोरण गुंडाळले. लोक बरोबर होते. मीही तेव्हा ओरडणाऱ्यांत होतो आणि पुन्हा ओरडेन. पण वाटताना कुणाला विचारले नव्हते, त्याची किंमत किती झाली? २०१८ मध्ये त्या जमिनी परत घ्यायला सरकारने व्याजासकट अडीचशे कोटींच्या वर रक्कम मोजायचे कबूल केले. ते व्याज कुणी खाल्ले याची चर्चा होते. ते तुमच्या-आमच्या खिशातून गेले याची होत नाही.

आता माझ्या पेडण्याकडे वळतो. डिचोलीला सुनावले आणि घरचे झाकले, असे नको. मोपाच्या विमानतळाला केंद्राची तत्त्वतः मान्यता मिळाली २००० साली. पहिले प्रवासी विमान उतरले ५ जानेवारी २०२३ ला. मधल्या तेवीस वर्षांत एक पिढी 'विमानतळ येणार' म्हणत शिकली आणि 'येत नाही' म्हणत गल्फला गेली. काम सुरू झाल्यावर २०१९ मध्ये न्यायालयाने पर्यावरण दाखला रोखला. कारण काय, तर अर्जात झाडा-जंगलाची खरी माहिती नीट दिली नव्हती. खरे लिहिले असते तर नऊ-दहा महिने वाचले असते. खोटे बोलून वेळ वाचतो, ही आमच्या प्रशासनाची अंधश्रद्धा आहे. विमानतळ आला, त्यावर मनोहर पर्रीकरांचे नाव लागले, उत्तम. पण त्याच्या आधी काय आले? जमिनीचे दलाल. पुढे झोनिंगचा आराखडा आला, लोक उठले, आराखडा मागे गेला. त्यात भर नगरनियोजन कायद्यातल्या, जमिनीचा झोन बदलू देणाऱ्या १७(२) आणि ३९अ या कलमांची. पेडण्यात आता पोरांना पाढे येत नाहीत, पण ही कलमे तोंडपाठ आहेत.

आणि उपेक्षेचे रडगाणे मला ऐकवू नका. भाऊसाहेब बांदोडकर जन्माने पेडण्याचे, पार्सेकरसर हरमलचे, आजचे मुख्यमंत्री साखळीचे. या दोन तालुक्यांनी राज्याला मुख्यमंत्री दिले आहेत. आम्हाला कुणी विचारत नाही, असे म्हणायची सोय आपल्याला राहिलेली नाही.

दोष आपल्याकडेही येतो. २०२४ च्या नोव्हेंबरात सरकारी नोकरीसाठी पैसे घेतल्याच्या तक्रारींनी वर्तमानपत्रे भरली, अटका झाल्या. घेणाऱ्यांना शिव्या देऊन आपण मोकळे झालो. देणारे कोण होते? कुणी चंद्रावरून आले नव्हते. मुलीच्या पाटल्या मोडून, बागायत गहाण टाकून कारकुनीची खुर्ची विकत घ्यायला निघालेली ती आपलीच माणसे. देशाची बेकारी तीन टक्क्यांच्या आसपास असताना २०२३-२४ च्या सरकारी पाहणीत गोव्याची साडेआठ टक्के निघाली. श्रीमंत राज्यात पोरे रिकामी, याचा अर्थ पैसा आहे पण त्यातून काम निघत नाही. सावकारी पैशातून काम कधी निघते का? मग उरते फक्त सरकार, आणि सरकारच्या दारात उभा असतो आमदार. तो कुठल्या पक्षात आहे हे आपण मुद्दाम विचारत नाही, कारण आपल्याला तो सत्तेत हवा असतो. पक्षांतराचा खरा मतदार तो आहे, जो म्हणतो, 'गेलो तर गेलो, आमचीं कामां जातलीं मगो.' म्हणजे गेला तर गेला, आपली कामे होतील ना.

राज्याच्या बदनामीवरचा आमचा उपाय तर अजब आहे. त्याच २०२४ च्या नोव्हेंबरात समाजमाध्यमावर कुणीतरी गोव्याच्या पर्यटनाची श्रीलंकेशी तुलना करून आकडे टाकले. ते चूक असतील, तर बरोबर आकडे छापायचे. पर्यटन खात्याने पोलिसात तक्रार केली. आरसा वाईट दाखवतो म्हणून आरशावर खटला! मांडवीतले कॅसिनो हलवतो असे सांगून जो तो निवडून येतो आणि त्यांना मुदतवाढ देतो. नाव त्यानेच जाते, एखाद्याच्या चार ओळींनी नाही.

शेवटी एक घरची गोष्ट. माझा पुतण्या आमच्या गावात काजूचा कारखाना काढू म्हणतो. लहानसाच, वीस बायांना काम मिळेल एवढा. बी भाजायची, सोलायची, गर डबाबंद करायचा. बँकेत गेला. कागद सगळे नीट होते. साहेबांनी सातबाराऐवजी आपला एक-चौदाचा उतारा उलटसुलट बघितला, त्यावर पेपरवेट ठेवला आणि विचारले, 'जमीन कुठल्या झोनमध्ये?' पुतण्याने सांगितले. साहेब म्हणाले, 'आज ना? पुढच्या वर्षी?' झोनचे नक्की ठरू द्या, मग या, असे सांगून त्यांनी पेपरवेट उचलला. हे झाले चौदा महिन्यांपूर्वी. बँकेला मी नावे ठेवत नाही, त्यांच्या जागी मीही तेच विचारले असते. गेल्या महिन्यात दिल्लीच्या नंबरप्लेटची गाडी त्याच जमिनीशी थांबली. त्या गृहस्थाने झोन विचारला नाही. 'ते आम्ही करून घेतो,' म्हणाला. आठ दिवसांत पूर्ण पैसे द्यायची तयारी आहे.

आज सकाळी मी इकडे निघताना पुतण्याचा फोन आला की तो माणूस पुन्हा आला आहे, ओसरीवर बसला आहे, काय सांगू? मी म्हटले, त्याला चहा दे, मी भाषण आटोपून फोन करतो. आता आयोजकांची परवानगी घेऊन मी खाली उतरतो. मला तो फोन करायचा आहे.