कुलपी गोळा आणि तोफेचा कान



आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांत तोफेचा प्रत्येक गोळा पडताच फुटतो. प्रत्यक्षात मैदानी तोफांचे बरेच गोळे भरीव लोखंडाचे असत. ते फुटत नसत. आत दारू भरलेला पोकळ गोळा वेगळा. जुन्या मराठीत त्याला ‘कुलपी गोळा’ म्हणत. शब्द वापरण्याआधी त्यामागचे काम समजून घ्यावे, म्हणून अमेरिकेच्या यादवी युद्धातील (१८६१-६५) एका तोफेविषयी सांगतो.

‘नेपोलियन’ नावाची ती बारा पौंडी तोफ तोंडाकडून भरत. बार उडाला की पहिला गोलंदाज ओल्या कुंच्याने नळी पुसून ठिणग्या विझवी. त्या वेळी तिसरा गोलंदाज चामड्याची टोपी चढवलेल्या अंगठ्याने तोफेचा कान दाबून धरी. कान उघडा राहिला तर हवा खेळून आतला निखारा फुले आणि नवी दारू ठासणाऱ्याच्या समोरच पेटे.

गोळा पत्र्याच्या पट्ट्यांनी लाकडी बुडाला बांधलेला असे. दारूची थैली त्या बुडाला जोडलेली. आधी थैली आत जाई आणि गोळ्याची बत्ती तोफेच्या तोंडाकडे राही. बार उडताना ज्वाळा गोळा आणि नळी यांमधल्या फटीतून पुढे येऊन ती बत्ती पेटवी. उलट, बत्ती दारूकडे वळली तर स्फोटाच्या दाबाने ती आत घुसून गोळा नळीतच फुटण्याची भीती. लाकडी बूड गोळ्याला कलंडू देत नसे, ते यासाठीच.

बोरमान बत्तीवर सेकंदांच्या खुणा असत, जास्तीत जास्त सव्वापाच सेकंदांच्या. अंतर पाहून ती दारूच्या पेटीपाशीच टोचत. दक्षिणेकडच्या कारखान्यांतल्या बत्त्यांचा तळ नीट बंद होत नसे. गोळे वेळेआधी फुटत आणि डोक्यावरून तोफा चालल्या की त्यांचेच पायदळ कुरकुरे. गोलंदाजाने सगळे नेमके केले, तरी कारागिराची कसूर त्याला भोवे.

मराठीने तोफेला तोंड दिले, कान दिला. ‘गोलंदाज’ हा शब्द तर आज क्रिकेटच्या मैदानावर नांदतो आहे. पण मुळात तो धुरात उभे राहून अंगठा न हलवणाऱ्या माणसाचा आहे. म्हणून लेखक-अनुवादकांना माझे एवढेच सांगणे आहे, की गोळा फोडण्याआधी तो भरीव की कुलपी, हे पाहावे. तेवढ्याने त्या माणसाचे काम वाचकाला दिसेल.