बारीक बाळ आणि जाड डायपर



आजचा विषय ओला आहे, म्हणून आधीच सांगतो. जेवायला बसला असाल तर आवाज दहा मिनिटं कमी करा. बाळासाठी कापडी डायपर घ्यायचा, पण तो फुग्यासारखा दिसणारा नको, अंगाला नीट बसणारा हवा, तर तो कसा निवडायचा, याबद्दल मी बोलणार आहे.

मी व्यवसायाने आय.टी. सल्लागार, शिक्षणाने एम.बी.ए., राहायला ऊद मेथात, इंडिया क्लबपासून चालत जाण्याच्या अंतरावर. असा माणूस डायपरवर का बोलतोय, असं वाटत असेल. आमच्या घरी धाकटी झाली तेव्हा कामांची वाटणी झाली आणि धुण्याचं खातं माझ्याकडे आलं. आता इमारतीत कुणाकडे बाळ झालं की प्रश्न माझ्याकडे येतो: "दादा, कापडी घ्यायचाय, पण स्लिम कोणता?"

हा प्रश्न विचारणाऱ्यांच्या मनात तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात. काहींना डायपरवरून झबलं किंवा बटणांचा अंगरखा बसत नाही, एवढंच म्हणायचं असतं. त्यांनी एक माप मोठा कपडा घ्यावा, विषय संपला. काहींना आजीने घाबरवलेलं असतं की दोन पायांमध्ये एवढं जाड बोळकं राहिलं तर मूल फेंगडं चालेल. आणि काहींचा डायपर मांडीकडून गळत असतो.

आधी फेंगड्या पायांचं बघू, कारण त्या भीतीपोटी लोक कापडी डायपर सोडूनच देतात. बाळाचे पाय जन्मतः बाहेर वाकलेलेच असतात, साधारण दीड-दोन वर्षांपर्यंत तसेच दिसतात आणि मग आपोआप सरळ होतात. त्याचा डायपरच्या जाडीशी संबंध नाही. उलट कमरेच्या सांध्यासाठी लहान बाळाचे पाय गुडघ्यात दुमडलेले आणि बाहेर पसरलेले असणं चांगलं. त्या सांध्यांना त्रास होऊ शकतो तो दोन्ही पाय सरळ ताणून घट्ट गुंडाळल्याने. म्हणजे दुपट्यात बाळाची सुरळी करताना वर घट्ट, पायाशी सैल, हे लक्षात ठेवा. जाड डायपर त्यात गुन्हेगार नाही.

खरा प्रश्न उरतो मांडीकडच्या गळतीचा, आणि तो आपल्या बाळांच्या बाबतीत जास्त येतो. भारतीय बाळाचं जन्मवजन सरासरी पावणेतीन-पावणेतीन किलोच्या आसपास असतं, आणि अडीच किलोचं बाळ काही विरळा नाही. बाजारातल्या 'एकच माप, सगळ्या वयांना' अशा डायपरच्या पाकिटावर बऱ्याचदा 3 किलोपासून 15-16 किलोपर्यंत असं लिहिलेलं असतं. टिचबटणं सगळ्यात आखूड मापावर लावली की तो 3 किलोच्या बाळाला बांधता येतो, हे खरं. पण बांधता येणं निराळं आणि बसणं निराळं. अगरबत्तीसारख्या मांड्या आणि त्यांच्याभोवती बोटभर फट! लघवीला एवढी वाट पुरते. माझा अनुभव असा की असे डायपर चार-साडेचार किलोनंतरच कामाला येतात. त्याआधी काय, तर एक तर नवजात मापाचे वेगळे छोटे डायपर, नाहीतर आपला लंगोट.

लंगोटाइतका सडपातळ डायपर अजून कुणी बनवलेला नाही. त्रिकोणी कापड, दोन नाड्या, नाळेच्या खाली दुमडता येतो, कोणत्याही मांडीला बसतो, अर्ध्या तासात वाळतो. बाळंतपणासाठी आई सांगलीहून इकडे आली तेव्हा बॅगेत जुन्या धोतरांचे आणि सुती पातळांचे लंगोट शिवून घेऊन आली होती. मी मीना बाजारातून नवीन कोरी मलमल मीटरवर आणून ठेवली होती, तर म्हणाली, "अरे, कोरं कापड कधी पाणी पितं का? आधी पाच-सहा पाणी धू ते." पुढे मी डायपरच्या पाकिटावरच्या सूचना वाचल्या तर तेच लिहिलेलं: वापरण्यापूर्वी काही वेळा धुवा, शोषण वाढेल. कोऱ्या सुतावर नैसर्गिक मेण आणि गिरणीतली खळ असते, ती निघाल्याशिवाय कापड ओलं होत नाही. जुनं धोतर मऊ असतं म्हणून चांगलं, एवढंच मी समजत होतो. ते पितं जास्त, हे कारण त्याहून महत्त्वाचं आहे.

पण लंगोटाचं गणित एका गोष्टीवर उभं आहे: शेजारी सतत एक माणूस. लंगोट शू अडवत नाही, फक्त सांगतो की झाली. लगेच बदलायचा. आई तर बाळाला पायांवर बसवून 'शूऽऽ' करायची आणि दिवसातले तीन-चार लंगोट वाचवायची. आता बघा, इथल्या कायद्याप्रमाणे खासगी नोकरीतल्या आईला बाळंतपणाची रजा 60 दिवस. त्यातले 45 पूर्ण पगारी, 15 अर्ध्या पगारी. बाबाला पाच दिवस. आणि आमच्या आईचा व्हिजिट व्हिसाही 60 दिवसांचाच होता. म्हणजे दोन महिन्यांनी घरातले दोन हात ऑफिसला आणि दोन हात सांगलीला. तोपर्यंत पावणेतीन किलोचं बाळ नीट वाढत असेल तर सव्वाचार-साडेचार किलोचं झालेलं असतं. लंगोटाची सोय संपण्याची आणि मोठा डायपर बसू लागण्याची वेळ जवळजवळ एकच येते. म्हणून पहिल्या दोन महिन्यांसाठी महागड्या वस्तू जमवू नका, आणि तिसऱ्या महिन्याची निवड पहिल्या महिन्यातच, हात मोकळे असताना, करून ठेवा.

आता ती निवड. कापडी डायपरचं बाहेरचं कापड बहुतेक सगळीकडे सारखं असतं: पॉलिएस्टरवर पॉलियुरेथेनचा पातळ पापुद्रा चिकटवलेला, पाणी बाहेर येऊ न देणारा. जाडी ठरते ती आतल्या घडीमुळे, तिला दुकानात इन्सर्ट किंवा पॅड म्हणतात. ती कशाची आहे हे विचारा. मायक्रोफायबर सगळ्यात स्वस्त. पटकन पितं, पटकन वाळतं, पण फुगीर असतं, आणि त्यातलं पाणी धाग्यांच्या मधल्या पोकळीत बसलेलं असतं. दाबलं की बाहेर. बाळाला गाडीच्या सीटमध्ये पट्ट्याने बांधलं किंवा कडेवर घट्ट धरलं की तेच होतं. शिवाय मायक्रोफायबर कातडीला थेट लागू द्यायचं नसतं, त्वचा कोरडी पडते. सुती पॅड मध्यम जाडीचं, भरवशाचं. बांबूच्या धाग्याचं पॅड मऊ, पातळ, पाणी धरून ठेवणारं. हेम्प, म्हणजे भांगेच्या जातीतल्या झाडाच्या धाग्याचं, सगळ्यात पातळ आणि तरी भरपूर पिणारं, पण पाणी ओढायला हळू आणि धुऊन धुऊन कडक होणारं. त्यामुळे वर सुती आणि खाली हेम्प अशी जोडी लावतात.

दुकानात करता येणारी परीक्षा नाही, पण घरी करता येते. एकच नग आणा, पाच-सहा वेळा धुवा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर पॅड कोरडं तोला. मग ताटात ठेवून हळूहळू पाणी ओता, ते पिईल तितकं. उचला, निथळू द्या, तळहाताने दाबा आणि पुन्हा तोला. वाढलेले ग्रॅम म्हणजे तितके मिलीलिटर, आणि ते दाबल्यानंतरचे, म्हणजे खरे. आता गरज किती? तान्ह्या बाळाला किलोमागे तासाला साधारण 1 ते 3 मिलीलिटर लघवी होते. साडेचार किलोच्या बाळाला तीन तासांत फार तर 40. रात्री आठ तासांत शंभराच्या थोडं वर. त्यामुळे दिवसा एक पातळ पॅड पुरतं, आणि रात्री सडपातळपणाचा हट्ट सोडायचा. रात्री कोण बघतंय? दोन पॅड घाला, बाळाला आणि स्वतःला झोपू द्या. जे चोवीस तास एकाच जाडीचा डायपर शोधतात ते दिवसा जाड आणि रात्री ओला, असे दोन्हीकडून फसतात.

बसतो की नाही हे कमरेकडे बघून कळत नाही. लोक पोटाकडची बटणं घट्ट करतात आणि गळती मात्र खालून होते. डायपरचं इलॅस्टिक मांडीवर नाही, जांघेच्या घडीत बसायला हवं, चड्डीची शिवण बसते तिथे. डायपर लावल्यावर बोट आतून फिरवून ते घडीत सारायचं. मांडीपाशी आतून आणखी एक झालर असलेला डायपर बारीक बाळांना चांगला. दोन पायांमधली पट्टी अरुंद हवी. पॅड मध्ये बारीक आणि दोन्ही टोकांना रुंद, डमरूसारखं, असेल तर उत्तम. कमरेत दोन बोटं जातील इतकं सैल. काढल्यावर मांडीवर पुसटसा वळ दिसला आणि थोड्या वेळाने गेला तर चालतं, लाल खोल वण राहिला तर इलॅस्टिक ताठ आहे. मुलगा असेल तर ओलावा पुढे जमतो, पॅड पुढे दुमडा. मुलगी असेल तर मध्ये.

बटणं की चिकटपट्टी? चिकटपट्टीने माप बारकाईने जुळतं, पण धुलाईत ती इतर कपडे ओढते आणि वर्षभरात दमते. मी टिचबटणांच्या बाजूचा. मात्र बाळ दिवसा पाळणाघरात किंवा सांभाळणाऱ्या ताईंकडे राहणार असेल तर माझ्या मताला फारशी किंमत नाही, त्यांना काय जमतं ते विचारा. एका पाळणाघराने आम्हाला कापडी नकोच म्हणून सांगितलं. दुसरीकडे पॅड आधीच घालून, पिशवीत मोजून दिले तर हो म्हणाले. पहिल्या भेटीतच हा प्रश्न काढा, फी भरल्यावर नको.

धुण्याबद्दल दुबईतल्या माणसाला दोन फायदे आहेत. पहिला म्हणजे इथल्या प्रत्येक संडासात असलेला हाताचा फवारा. युरोपात लोक कापडी डायपरसाठी तो मुद्दाम विकत घेऊन बसवतात. दुसरा, उन्हाळ्यात छतावरच्या टाकीतून येणारं पाणी, ज्याला गिझर लागत नाही. तोटाही आहे: बाल्कनीच्या कठड्यावर कपडे वाळत घालायला नगरपालिकेची मनाई आहे. स्टँड कठड्याच्या आत, खाली ठेवायचा. आणि ऑगस्ट-सप्टेंबरच्या दमट हवेत बाहेर काही वाळत नाही. तेव्हा एसीच्या खोलीत पंख्याखाली घाला. इथेच पातळ बांबूचं पॅड त्रास देतं: पातळ दिसतं, पण पाच-सहा थर एकत्र शिवलेले असल्याने आतून ओलं राहतं. त्यापेक्षा उलगडता येणारं पॅड घ्या, पदरासारखं मोकळं होणारं. वाळताना एक थर, लावताना चार थर. म्हणजे पुन्हा लंगोटच झाला, नाही का?

कपडे मऊ करणारं द्रावण वापरू नका, ते धाग्यावर थर धरतं आणि पॅड पाणी पिणं सोडतं. पुरळावरच्या तेलकट मलमानेही तेच होतं, तेव्हा मलम लावलं की मध्ये जुन्या मलमलीचा तुकडा घाला. बाहेरचं कापड ड्रायरमध्ये आणि जूनच्या टळटळीत उन्हात घालू नका. पापुद्रा सुटतो, इलॅस्टिक मरतं. पॅडना ऊन चालतं.

पर्यावरणासाठी कापडी घेतो म्हणणाऱ्यांसाठी थोडा हिशेब. ब्रिटनमध्ये 2008 साली झालेल्या सरकारी अभ्यासात फेकायचे आणि कापडी, दोघांचा कार्बनभार जवळपास सारखाच निघाला होता. 2023 च्या नव्या अभ्यासात कापडीचा सुमारे 25 टक्के कमी आला. दोन्ही वेळा निष्कर्ष एकच की सगळं धुण्या-वाळवण्यावर ठरतं. दर वेळी ड्रायर लावणार असाल तर आपला फायदा आपणच वाळवून टाकला.

किती नग लागतील? दिवसाला आठ बदल, दिवसाआड धुणं, म्हणजे सोळा, आणि वाळायचे बाकी असलेले चार. वीस पॅड. बाहेरची आवरणं मात्र आठ-दहा पुरतात, नुसती ओली झाली तर पुसून पुन्हा वापरता येतात. पण आधी सांगितलं तसं एकच आणा. वीसचं पाकीट स्वस्त मिळतं हे मला माहीत आहे. तुमच्या बाळाची मांडी त्या पाकिटाला माहीत नाही.

लंगोट टाकून देऊ नका. आमचे आता पॅडच्या आत दुसरा थर म्हणून जातात, आणि आईला व्हिडिओ कॉलवर ते दोरीवर दिसले की ती आधी मोजते.

पुढच्या वेळी कुणाला रात्रीच्या गळतीबद्दल विचारायचं असेल तर बाळाचं वजन आणि पॅड कशाचं आहे, हे दोन्ही कळवा.